तांडेल सरांचं पिवळं कापड

तांडेल सर कुठेही गेले, की माणसांआधी कापडाशी ओळख करून घ्यायचे. लग्नाला गेले तर खुर्चीचं कव्हर चिमटीत धरून बघायचे, कुणाच्या घरी गेले तर पडदा. परळच्या प्रयोगशाळेत मी नोकरीसाठी गेले, तेव्हा प्रशस्तिपत्रकं बाजूला सारून त्यांनी माझ्या हातातला रुमाल मागितला आणि विचारलं, "किती धुण्यांत विटला हा?" फणसवाडीत वाढलेल्या मला ही घरच्या स्वच्छतेची परीक्षा वाटली. मी फणकाऱ्याने उत्तर दिलं, तरी नोकरी मिळाली.

आमचं काम होतं जखमेवर बांधायच्या सुती कापडावर चांदीच्या नॅनोकणांचा लेप चढवण्याचं. जंतू मरावेत, जखम चिघळू नये, यासाठी. लेप बसला की पांढरं कापड पिवळट दिसे. त्यावर चहा सांडला का, असं शिपाई दर वेळी विचारायचा. सरांना ही थट्टा आवडत नसे. वरळी कोळीवाड्यात त्यांच्या आईच्या बोटांना बारमाही चिंधी असायची, तीही मासळीच्या पाण्यात भिजलेली. त्या चिंधीपायीच ते या कामात पडले होते. काचेच्या बशीतले जंतू मेलेले बघून मी हुरळले, की म्हणत, "बशीत मेले, एवढंच कळलं. जखमेचं जखमेला विचारायचं."

माणसांच्या जखमेला ते विचारायची परवानगी अजून यायची होती, तेवढ्यात सरांच्याच पायात शिंगाळा माशाचा काटा गेला. मधुमेह जुना होता. पाय चिघळला. इस्पितळातले उपचार ते निमूट घेत होते, पण आपलं कापड बांधायला तयार नव्हते. आईमागे मासळीची पाटी चालवणारी त्यांची धाकटी बहीण हिरा पायाशी बसून होती. ती म्हणाली, "दुनियेसाठी केलास ना दादा? मग तुज्या पायाला का नाय?"

"माणसांवर तपासलं नाय अजून," सर म्हणाले. "मी बांधलं तर बाजूच्या खाटेवरचा मागंल. त्याला काय सांगू? आणि बरा झालो, तरी एका पायावरून काय कळणार, हिरे?"

मला त्यांचा भयंकर राग आला. कापडाच्या कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. पण त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच राग जास्त होता.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तरीही विष रक्तात भिनलं आणि सर गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मी कोळीवाड्यात गेले. हिराताई ओट्यावर सुकट निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बांधला असता, तर वाचला असता?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, आणि सर असते तर त्यांनी तेवढंच सांगितलं असतं. मी समोर बसून सुकट निवडू लागले.

"नसता वाचला, असं बोल," ती म्हणाली. "खोटं असलं तरी चालंल."

"नसता वाचला," मी म्हणाले.

तिचे हात थांबले.

"परत बोल," ती म्हणाली.