व्हिसाच्या कागदांतली दुसरी तारीख

मोठ्या दुष्काळाच्या वर्षी मला पश्चिम जर्मनीत यंत्रशास्त्र शिकायला प्रवेश मिळाला. पासपोर्ट हातात होता, अडलं होतं ते व्हिसावर. मुंबईच्या वकिलातीतून पत्र आलं : तुमच्या कागदांत दोन जन्मतारखा आहेत, खुलासा करा, नाहीतर अर्ज फेटाळू.

मी शाळेचा दाखला पाठवला होता. त्यात एक जून. शेवगाव तालुक्यातल्या निम्म्या पोरांचा जन्म गुरुजींनी एक जूनलाच लावलेला. मग दुसरी तारीख तिथे पोचवली कोणी?

मला एकच माणूस सुचला. थोरल्या चुलत्यांचा मुलगा, तहसील कचेरीत कारकून. जन्माच्या जुन्या नोंदवह्या तिथेच होत्या. महिन्यापूर्वी आमच्या ओसरीवर चहा पिताना तो म्हणाला होता, "तू तर दिवाळीचा हायेस की. सरकारदरबारी उन्हाळ्यात कसा जन्मलास?" तेव्हा मीही हसलो होतो. आता ते वाक्य मी उलटसुलट करून पाहू लागलो. भाऊकी होती, बांधावरून कुरबुर होती. वकिलातीच्या लिफाफ्याचा डिंक मला उचकटल्यासारखा दिसायला लागला. पोस्टमन आधी त्याच्या दारात का थांबतो, हे मी खिडकीतून पाहत राहायचो.

शेवटी कचेरीत गेलो. तो दुष्काळी कामांचे हजेरीपट तपासत होता.

"दादा, माझ्या जन्माची नोंदवही तू काढलीस?"

"काढली. तुला उतारा लागंल म्हनून पान हुडकून ठिवलंय."

"मी सांगितलं होतं?"

"न्हाई. पन परदेशी जायचं आन् कागुद मागनार न्हाईत व्हय? ते माझं टेबल न्हाई, म्हनून गुपचूप काढली." मान वर न करता तो पुढे म्हणाला, "साहेब, तिकडं गेल्यावर तरी मानसावर इस्वास ठिवायला शिका."

'गुपचूप' एवढं मला पुरलं. त्यानं सरकारी नोंद बाहेर फोडून वकिलातीला कळवली, अशी तक्रार मी तहसीलदारांकडे केली. शाळेचीच तारीख धरावी, अशा खुलाशाला तिची नक्कल जोडून मुंबईला पाठवली.

चौकशीच्या चार दिवस आधी ट्रंकेतले कागद लावताना माझ्याच अक्षरातला एक कच्चा खर्डा सापडला. जर्मनीच्या अर्जासोबत आपल्या हातानं लिहिलेली आयुष्याची माहिती द्यावी लागे, तिचा. पहिल्याच ओळीत जन्मतारीख होती, दिवाळीतली. आईनं पत्रिकेत बघून सांगितलेली. घरात तीच चालायची. लिहिताना मला शाळेची आठवलीच नव्हती.

तक्रार मागे घ्यायला दोन ओळी लागल्या असत्या. पण मग वकिलातीत मी खोटा ठरेन आणि व्हिसा जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरंच गेला असता का, हे कुणाला विचारलंही नाही. खर्डा चुलीत घातला.

चौकशीत दादानं वही काढल्याचं कबूल केलं, कुणाला कळवल्याचं नाकारलं. तहसीलदारांनी मला विचारलं, "तुमचा संशय कायम आहे?"

मी "हो" म्हणालो.

त्याची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात झाली आणि बढती थांबली. मला महिन्याभरात व्हिसा मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी वहिनी रस्त्यात भेटल्या. "भावजी, मिळाला ना कागद?" इतकंच. त्यात टोमणा होता की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही.

परत आल्यावर कुठल्याही लग्नात तो मला हाताला धरून शेजारी जेवायला बसवायचा. याला सगळं कळलंय आणि हा माझ्या तोंडून ऐकायची वाट पाहतोय, असं मला प्रत्येक पंगतीत वाटे. मी खाली मान घालून जेवायचो. तो गेल्या वर्षी वारला. कागद फोडणारा कारकून, हे नाव मात्र त्याच्या माघारीही गावात राहिलं.

परवा त्याच्या थोरल्या मुलाला समोर बसवून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, हे अण्णांना ते असताना सांगायचं होतं." उठताना दाराशी थांबून म्हणाला, "आता निदान गावाला कळेल असं लिहा."

म्हणून हे लिहिलं.