साहेबाच्या आधीचा प्रश्न

आधी माफी मागतो. जोशी सरांवर त्यांच्या बरोबरीच्या कुणीतरी लिहायला हवं होतं. मी माले गावचा, घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. माझी तेवढी पोच नाही. पण सर जाऊन महिना होत आला तरी मन एका जागी बसत नाही. पुस्तक उघडतो, मिटतो, उगीच दारात जाऊन उभा राहतो...

बी.ए.ला सर आम्हाला मराठी शिकवायचे. एकदा फळ्यावर ‘वसाहतोत्तर समीक्षा’ असं लिहून म्हणाले, “नावाला घाबरू नका.” मग एका इंग्रज साहेबाची शिकारकथा वाचून दाखवली. “यात कुत्र्याला नाव आहे. रान उठवणाऱ्या गावकऱ्यांपैकी एकाला तरी आहे? राज्य करणारा लिहितो तेव्हा कोण बोलतं, कोण नुसतं दिसतं, हे शोधायचं. आणि साहेब गेला तरी त्याची नजर आपल्या पुस्तकांत राहिली का, तेही.”

मला ते फार पटलं. पटलं म्हणूनच राहवलं नाही. उभा राहिलो. “सर, पण सायबाच्या आधी तरी आमच्या पणज्याला गावात नावानं कोण हाक मारायचं? जातीनंच मारायचे. मग आमचा साहेब कोण?”

मागच्या बाकावरून आवाज आला, “बसा वकीलसाहेब! इंग्रजांची केस लढताय व्हय?” वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू तसाच हातात धरून म्हणाले, “मी शिकवतोय त्यात याचं उत्तर नाही. मला वेळ दे.”

पुढे जिन्यात, पौडच्या एसटी स्टँडवर, कुठेही भेटले की स्वतःच म्हणायचे, “अजून नाही रे. सुचतंय ते सगळं पुस्तकी आहे.” मी हसायचो, पण माझं सगळं त्यावर अडलं होतं. एम.ए.ला जावं की हिंजवडीत काम धरावं? ज्या विचारात आमची जागाच नाही, तो शिकून मी काय करणार? शेवटच्या भेटीतही “थोडं थांब” एवढंच म्हणाले. मग एका सकाळी हृदयविकारानं गेले. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणूनच ते तसं म्हणत असतील...

परवा आई पावट्याच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तुजं सर आलं हुतं की हितं. तू हिंजवडीला मुलाखतीला गेलतास तवा.”

“आन् सांगितलं न्हाईस?”

“सायबाच्या येळचं इचारत हुतं. म्या म्हनलं, सायबाचं मला काय ठावं? गाव आमास्नी कसं वागवायचं त्ये इचारा. तर म्हनलं, त्येच ऐकाया आलोय. दिस मावळंस्तवर बसलं. जाताना म्हनलं, पोराला इतक्यात सांगू नका, मला आजून निम्मंच कळलंय. परत येतो.”