चुकल्यावर उभ्या राहणाऱ्या बाई

सुमतीबाईंची आणि माझी पहिली भेट शाळेच्या शिक्षकखोलीत झाली, आणि त्या भेटीत मी रडले. आता सत्तरीला आल्यावर हे सांगायची लाज वाटत नाही. मी कात्रजच्या अलीकडच्या एका शेतकरी घरातली. आमचं गाव तेव्हा गाव होतं. आता त्यावर इमारती उभ्या आहेत. घरात बी.एस्सी. झालेली पहिली मुलगी मीच, त्यामुळे नोकरीवर रुजू होताना मनात धाकधूक आणि अंगावर इस्त्रीची साडी, दोन्ही होतं. कुणीतरी विचारलं, "खडूची पेटी कुठंय?" मी सहज म्हणाले, "माझ्यापाशी हाय की." झालं! खोलीत हशा पिकला. एका सरांना तर ते इतकं आवडलं, की त्यांनी "हाय की, हाय की" असं हेल काढून म्हणून दाखवलं.

कोपऱ्यात मराठीच्या सुमतीबाई वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या सरांना म्हणाल्या, "सर, यांना खडू सापडलाय. तुम्हाला विनोद अजून सापडायचाय." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं नाव?"

"स्मिता."

"ते मस्टरवर वाचलं. तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?"

अहो, हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. माझं माहेरचं नाव हौसा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'स्मिता' लिहिलं गेलं आणि हौसा संपली. नव्या नावानं हाक मारली, की मी कितीदा तरी मागं वळून बघायची, दुसरी कोण आली म्हणून. हे मी बाईंना सांगितलं आणि सांगता सांगता डोळ्यांतून पाणी आलं. बाई फक्त "बरं" म्हणाल्या आणि वह्यांकडे वळल्या. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा भर खोलीत त्यांचा आवाज आला, "चला हौसाबाई, तास आहे." त्या दिवसापासून आजतागायत मी त्यांची हौसाबाई आहे. पुढं माझ्या नवऱ्यानंही तेच नाव उचललं. बाईंसमोर दुसरं काही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

बाईंच्या भाषाप्रेमाबद्दल या गौरवग्रंथात पुष्कळ जण लिहितील. मी विज्ञानाची शिक्षिका, मला त्यातलं काय कळतंय? पण त्यांचा दरारा मी पाहिलेला आहे. एकदा एक बांधकाम व्यावसायिक पालक घरच्या कार्याची पत्रिका घेऊन आले. बाईंनी ती वाचली, लाल पेनानं तीन ठिकाणी खुणा केल्या आणि परत दिली. "छान आहे. पुन्हा छापलीत की येईन." त्या गृहस्थांनी खरोखर पुन्हा छापली, आणि बाई आहेर घेऊन गेल्या. मुलं 'कॉल करते' म्हणाली तर बाईंच्या कपाळाला आठी पडे. अशा बाई!

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. शाळेत बाईंची एक पद्धत होती. ती मी प्रथम पाहिली तेव्हा व्हरांड्यात जागच्या जागी थबकले होते. नववीच्या वर्गात शबाना नावाची मुलगी होती. तिची मोठी बहीण रुखसाना बाईंच्या हाताखालून गेलेली. बाईंनी चुकून "रुखसाना, तू वाच" म्हटलं. लगेच त्यांच्या लक्षात आलं. तशा बाई खुर्चीतून उठल्या, टेबलाच्या पुढं येऊन सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चुकले. शबाना, तू वाच." शबाना वाचून खाली बसेपर्यंत बाई उभ्या. त्या काळी शिक्षकांकडून चूक होत नसे, झाली तरी तिला चूक म्हणत नसत! मी नंतर न राहवून विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मुलं चुकली की आपण त्यांना उभं करतो. मी चुकल्यावर बसून राहिले, तर उभं राहणं ही शिक्षा आहे असं वाटेल त्यांना. नुसतं दुरुस्त करण्यासाठीही उभं राहता येतं, हे त्यांना दिसू दे की."

निवृत्तीनंतर बाईंनी कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या सभागृहात वाचनमंडळ सुरू केलं. आम्ही सगळी पिकली पानं. त्यात आमच्याच इमारतीत राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले मुकुंदराव. वय ऐंशीच्या घरात, भाषा शुद्ध, जीभ धारदार. मुलगा-सून बंगळुरूला. नातवंड ओजस शिकायला पुण्यात आल्यापासून आजोबांकडेच राहत असे. दोघांचं मेतकूट असं, की जिन्यातून येताना भांडणाचा आवाज आधी यायचा आणि मागून दोघं.

दोन वर्षांपूर्वी ओजस यांनी आजोबांना सांगितलं, की मला 'तो' म्हणू नका आणि 'ती'ही म्हणू नका. मी यातलं कुणीच नाही. 'ते आले, ते गेले' असं म्हणा. मुकुंदरावांचा पारा चढला. "मी माझ्या आजोबांना अहोजाहो केलं, वडिलांना केलं, साहेबांना केलं. आता नातवंडालाही करू? मग मी अरेतुरे करायचं तरी कुणाला, भिंतीला?" शब्दानं शब्द वाढला. त्यानंतर मुकुंदराव दर वाक्यात मुद्दाम 'तो' म्हणायला लागले, एखादा खिळा ठोकावा तसं. आठवडाभर ते ऐकून ओजस बॅग घेऊन कात्रजला एका मित्राच्या खोलीवर राहायला गेले. फोनही उचलेनात.

मुकुंदरावांनी तोंडानं काही कबूल केलं नाही. पण पोळीभाजीचे डबे दोघांचे येत राहिले, आणि ते त्यातला एक रोज वॉचमनला देत राहिले. आम्हाला दिसत होतं सगळं. माणूस आतून खचत चालला होता.

शेवटी एका संध्याकाळी मंडळात त्यांनी विषय काढला. त्यांना हवा होता बाईंचा निकाल. एकदा बाईंनी 'हे मराठीत बसत नाही' असं म्हटलं, की काम फत्ते! खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. हे काय नवीन खूळ, असंच माझं मत.

"बाई, तुम्हीच सांगा," मुकुंदराव म्हणाले, "अशानं भाषा राहील का?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मुकुंदराव, तुमचा मुलगा तुम्हाला काय म्हणतो?"

"ए बाबा."

"तुम्ही तुमच्या वडिलांना 'ए' म्हणाला असतात तर?"

"कानफटात बसली असती!"

"मग मुलानं म्हटल्यावर भाषा बुडाली का?"

बाई पुढं म्हणाल्या, "माझी आई वडिलांबद्दल जन्मात कधी 'तो' म्हणाली नाही, 'ते'सुद्धा म्हणाली नाही. 'तिकडून येणं झालं', 'तिकडून जेवण झालं', एवढंच. अख्खा संसार असा केला तिनं. आम्हा भावंडांना कधी कळायचं राहिलं नाही, की कुणाबद्दल चाललंय. आणि या हौसाबाई. यांचं नावच बदलून टाकलं होतं, यांना न विचारता. ते चाललं सगळ्यांना. ओजसनं स्वतः होऊन सांगितलं, तर ते मात्र चालेना?"

इतक्या वर्षांत मी त्या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

मुकुंदराव ताडकन उठले. "म्हणजे तुम्हीसुद्धा!" म्हणून निघून गेले, आणि मंडळात यायचे बंद झाले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा मला फोन. "हौसाबाई, कात्रज तुमचं माहेर. चला, पत्ता शोधू." त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, हातात काठी. रिक्षातून उतरलो तर तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. मी म्हटलं, "पोराला खाली बोलवू." बाई म्हणाल्या, "गरज माझी आहे." दर वळणावर थांबत, कठडा धरत त्या वर गेल्या. दार उघडलं आणि ओजस बघतच राहिले. बाई धापा टाकत खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, आणि त्यांनी मला विचारलेला तोच प्रश्न विचारला, "तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?"

ओजस यांनी सांगितलं. मग म्हणाले, "आजी, आजोबा चुकले तर मला काहीच वाटणार नाही. म्हणजे, इट्स ओके. पण ते मुद्दाम म्हणतात ना, ते लागतं."

'इट्स ओके'वर बाईंच्या कपाळाला आठी पडली नाही. मी मुद्दाम पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या आजोबांना जमेल का, सांगता येत नाही. या वयात मलाही जमेल का, देव जाणे. पण मी चुकले तर उभी राहीन."

"म्हणजे?"

"मंडळाच्या वाढदिवसाला या. तुम्हाला नाटकाच्या प्रकाशयोजनेचं बक्षीस मिळालंय ना, त्याचा सत्कार करायचाय आम्हाला."

त्यानंतर रोज सकाळी बाईंचा मला फोन यायचा, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या फोनवर सराव करायचो. "ओजस उठले का?" "उठले, चहा प्यायले." "कुठं गेले?" "कॉलेजला गेले." माझी सून म्हणायची, कोण हे ओजसराव, फार मोठे गृहस्थ दिसतात! ज्या बाईंनी शेकडो मुलांना मराठी शिकवली, त्या पहिलीतल्या मुलीसारखी वाक्यं घोकत होत्या. मी तर थक्क झाले. या वयात आम्ही नवं औषधसुद्धा नाइलाजानं घेतो हो.

वाढदिवसाच्या दिवशी सभागृह भरलं. ओजस पहिल्या रांगेत येऊन बसले. मुकुंदरावही आले, पण शेवटच्या रांगेत, दाराजवळ, केव्हाही उठून जाता यावं अशा बेतानं. बाईंना गुडघ्यामुळे बसूनच बोलायचं होतं. छान बोलत होत्या. आणि इतका सराव करूनही तेच झालं. "ओजसचं नाटक मी पाहिलं. त्यानं शेवटच्या प्रवेशात जो प्रकाश..."

बाई थांबल्या. सभागृहात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मला तेवढं कळलं, आणि ओजसना. बाईंनी माइक खाली ठेवला. एक हात टेबलावर, एक काठीवर. उठायला वेळ लागला. मी धावणार होते, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. ताठ उभ्या राहिल्या आणि माइकशिवाय खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चुकले. ओजस यांनी शेवटच्या प्रवेशात जो प्रकाश योजला, त्यात त्यांची समज दिसते." आणि पुढचं सगळं भाषण उभ्यानं केलं. ओजस यांची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते.

भाषण संपलं तरी बाई बसल्या नाहीत, कारण मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला होता. मुकुंदराव उभे होते. मला वाटलं, निघाले.

"मुकुंदराव, तुम्ही का उभे?" बाईंनी विचारलं.

"मी तुमच्यापेक्षा फार चुकलोय," ते म्हणाले. "मला बसवेना." मग घसा खाकरून, आयुष्यात प्रथमच अडखळत बोलले, "हे आमचे ओजस. हे माझ्याकडे राहत होते. हे... हे परत आले तर मला फार बरं वाटेल."

ओजस उठून मागं गेले आणि त्यांनी आजोबांचा दंड धरला. "बसा हो आता. बी.पी. वाढेल." त्याच रात्री जिन्यात पुन्हा भांडणाचा आवाज आला, तेव्हा आमच्या मजल्यावरची सगळी दारं हळूच किलकिली झाली होती.

मुकुंदराव अजूनही चुकतात. रागाच्या भरात तर हमखास. मग खुर्चीचे हात धरून उठतात. ओजस म्हणतात, यानं आजोबांचा व्यायाम होतो. संपादकांना माझी एकच विनंती, ओजस यांच्यासाठी मी वापरलेलं अनेकवचन कृपा करून कापू नका. ते मी फार कष्टानं शिकले आहे.

बाई, तुम्ही पंचाहत्तर वर्षांच्या झालात. लोक म्हणतात, तुम्ही भाषा जपलीत. मी म्हणते, तुम्ही माणसं जपलीत. तुमची भाषा त्यांच्या मागून आपसूक आली. तुम्हाला शंभरी लाभो, गुडघे साथ देवोत, आवाज असाच खणखणीत राहो आणि तुमच्या लाल पेनाची शाई आटू नये, ही मनापासून इच्छा.

तुमच्या सत्काराच्या दिवशी रंगमंचावरचा प्रकाश ओजस सांभाळणार आहेत. सूत्रसंचालन मुकुंदराव करणार आहेत, आणि ते खुर्चीत बसून करणार, असा त्यांचा हट्ट आहे. कारण विचारलं तर म्हणाले, "आधीच उभा असलो, तर चुकल्यावर काय करू?" तेव्हा बाई, त्या दिवशी तरी तुम्ही स्वस्थ बसा. उभं राहायला आम्ही शिकलोय.