साडूंच्या हाती गेलेली बंदूक

छर्‍याची चांगली चालणारी बंदूक दुरुस्त करून ती कायमची निकामी करणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं कर्म. माझ्या मोठ्या मेहुणीचे हे यजमान यवतमाळला एका कचेरीत मोठे बाबू आहेत. तिथे ते काय करतात हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही; कचेरीला तरी कळलं असेल असं वाटत नाही. पण घरी आले की हा माणूस बनियनवर व्हरांड्यात बसतो आणि लोकांनी शेतातली माकडं हाकलायला घेतलेल्या बंदुका उघडून त्यांची आतडी वर्तमानपत्रावर मांडतो. सगळं फुकट, निव्वळ हौसेखातर. एखाद्याला पत्त्यांचा नाद असतो, पण तो निदान शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडत नाही.

बंदूक हातात आली की साडू आधी तोंड वाकडं करतात. "याच्याआधी हे कोणं खोललं होतं? सत्यानाश करून ठेवला बाप्पा!" राळेगावच्या एका शेतकऱ्याने गरिबीने सांगितलं, "तुमीच खोललं होतं भाऊ, पोळ्याच्या आगुदर." दुसरा कोणी असता तर जमिनीत गडप झाला असता. हे म्हणाले, "मंग तवा तुमी घाई केली असन." त्याच शेतकऱ्याच्या बंदुकीला यांनी खांद्याला टेकवायचा सागवानाचा नवा दस्ता बसवून दिला. त्यावर वेलबुट्टी, मोर, मधोमध गणपती. तो बिचारा बंदूक दोन्ही हातांनी उचलून म्हणाला, "भाऊ, हे बंदूक हाय का देवळाचं दार?" ती आता त्यांच्या देवघरात उभी आहे म्हणे, रोज हळदीकुंकू लागतं. माकडं तूर खातात ती खातातच.

बंदुकीच्या आतल्या दट्ट्याला चामड्याचा वायसर लागतो. तो बाजारात मिळतो. पण "बाजाराच्या वायसरात जीव नसते," हा साडूंचा सिद्धान्त. त्यामुळे एका दिवाळीला त्यांच्या घरून निघताना माझ्या नव्या कोऱ्या डाव्या बुटाची जीभ गायब! मी संतापलो तर मलाच म्हणतात, "जीभच तं गेली ना? बूट तं पायातच हाय!" ती जीभ तेव्हा स्वयंपाकघरात, फोडणीच्या कढईत, जवसाच्या कोमट तेलात भिजत होती. त्या दिवशीची वांग्याची भाजी मी कुठल्या कढईतली खाल्ली, हे विचारायचं धाडस मला आजतागायत झालेलं नाही.

एकदा जत्रेत फुगे फोडायच्या दुकानावर थांबून यांनी दुकानदाराला ऐकवलं, "तुह्या बंदुकीची नेम धराची माशी वाकडी हाय. दे, दोन मिनटात सरळ करून देतो." तो हात जोडून म्हणाला, "साहेब, वाकडी हाय म्हणूनच पोट भरते. जा तुमी." मी इतका हसलो की बायकोने मला ओढत पुढे नेलं.

पण या सगळ्या उचापतींत साडूंचा जीव अडकला होता तो एकाच बंदुकीत. आमच्या सासऱ्यांच्या. बोरी अरब या गावी शेताला लागून त्यांचं घर. अंगणात बाजेवर बसून ते तुरीवर नजर ठेवतात. माकड म्हणजे मारुतीची फौज, त्यावर नेम धरायचा नाही. म्हणून बांधावरच्या कडुनिंबाला त्यांनी टिनाचा एक पत्रा टांगलाय. छर्रा पत्र्यावर बसला की टण्ण वाजतं आणि फौज शेजाऱ्याच्या तुरीत जाते. ती बंदूक एकदा तरी हाती लागावी म्हणून साडूंनी वीस वर्षं विनवण्या केल्या. तिच्यासाठी खास कडक स्प्रिंग आणून ठेवली. सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं, "जवाईबापू, पोरगी देल्ली ना तुमाले. बंदूक राहू द्या."

परवाच्या मार्गशीर्षात आम्ही दोघं गेलो, तर सासऱ्यांनी आपणहून बंदूक पुढे केली. खाली बघत म्हणाले, "खराब झाली वाटते. भराले नळी मोडाव म्हटलं तं मोडतच नाही. माकडं अंगणात येऊन बसून राह्यले." छर्रा भरताना वाकवतात तशी साडूंनी नळी बिजागरीवर मोडून पाहिली. सहज मोडली. मी बोलायला तोंड उघडलं, तोच माझ्या पायावर साडूंचा पाय पडला. "हो मामाजी," ते म्हणाले, "आतून लय जंग चढला हाय."

गोठ्यामागे मी त्यांना गाठलं. "कुठं हाय जंग? बंदूक चांगली हाय. हात थकले मामाजीचे."

"मले दिसत नाही का? चूप राहा ना."

मग या माणसाने ती बंदूक उघडली, आणि खिशातली कडक स्प्रिंग खिशातच ठेवून, आतल्या जुन्या स्प्रिंगचे चार वेढे करवतीने कापून टाकले. स्प्रिंगचा जोर गेला; आता नळी लहान पोरानेही मोडली असती. पण छर्रा पंचवीस पावलांवर मान टाकू लागला. कडुनिंब लांब राहिला. सासरे आत जेवायला बसल्यावर साडूंनी शिडी मागवली, पत्रा काढला आणि अंगणाजवळच्या बोरीच्या झाडाला टांगला. "हे दुरुस्ती हाय का?" मी खालून शिडी धरून कुजबुजलो. ते वर तारेची गाठ आवळत राहिले.

सासरे बाजेवर बसले. नळी मोडली, छर्रा भरला. टण्ण! भिंतीवरची माकडं पार पलीकडे पळाली. म्हाताऱ्याचं तोंड उजळलं. मग कपाळावर आडवा हात धरून ते म्हणाले, "टिन तं निंबावर होता. बोरीवर कोणं आणला?"

साडूंचा चेहरा पांढरा पडला. आता सगळं कळणार होतं, आणि म्हाताऱ्याला आपले हात संपल्याचं जावयांसमोर कबूल करावं लागणार होतं. साडूंना उघडं पाडायची एकही संधी मी आयुष्यात सोडलेली नाही. पण त्या क्षणी मला ते जमलं नाही. "म्या आणला मामाजी. वाऱ्यानं खाली पडला होता, तं तिथंच टांगला."

"तुमाले कोणं सांगतलं होतं? कायले नसती उठाठेव?" पुढची पाच मिनिटं माझा उद्धार झाला. मग साडूंकडे वळून ते म्हणाले, "तुमच्या हातात मात्र कला हाय, जवाईबापू. म्याच वीस साल उगाच अडून राह्यलो."

साडू तुरीकडे तोंड करून बराच वेळ हात पुसत राहिले. आयुष्यात त्यांनी जाणूनबुजून बिघडवलेली ती एकच बंदूक, आणि शाबासकी मिळाली तीही तिच्याचपायी. मला पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल वाईट वाटलं.

परतीच्या एसटीत त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढच्या साली स्प्रिंगचे आणखीन दोन येढे कापा लागन."

"कापा तुमी," मी म्हटलं. "टिनाचं मी पायतो."