मुलींना मैदान द्या

आमच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ होता, चेंडू होता, फक्त मैदान नव्हतं. सकाळी ते क्रिकेटवाल्या मुलांच्या ताब्यात, आणि आमचे सामने महिन्यावर आलेले. जिमखान्याचे सर म्हणाले, "फुटबॉल मुलींच्या प्रकृतीला मानवत नाही."

हेच मी आधी कुठेतरी वाचलं होतं. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात कारखान्यातल्या बायका फुटबॉल खेळायच्या, बघायला हजारोंची गर्दी लोटायची. तेव्हा तिथल्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी ठरवलं, हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती उघडायला पन्नास वर्षं गेली.

माझं डोकं भडकलं. वडील सातपूरच्या कारखान्यात युनियनचे. मी अक्षरं गिरवली तीच त्यांच्या पत्रकांवर. मी पत्रक लिहिलं. वर ठळक मथळा, खाली सगळा इतिहास. छपाईआधी मजकुरातल्या तीन वेलांट्या स्वतः दुरुस्त केल्या. मथळा कोण तपासतं? सकाळी फाटकावर उभं राहून सगळा गठ्ठा वाटला.

दुपारी कॅन्टीनच्या मावशींनी मला नुसता चहा दिला. शेजारच्या मुलाला मात्र खारीही दिली.

"मावशी, हा भेदभाव आहे!"

"तूच छापलंस ना बाई? मुलींना मैदा न द्या. पटलं मला. पोटाला वाईटच तो."

मी पत्रक ओढून घेतलं. टाइप करणाऱ्यानं 'मैदान'मधला 'न' एक जागा सोडून टाकला होता.

आमची गोलकीपर कळवणची. ती म्हणाली, "लय भारी क्रांती केलीस. मैदान तर नायच, आता समोसाबी नाय."

तेवढ्यात प्राचार्य मॅडमनी मला आणि कॅप्टनला बोलावलं. सर शेजारीच उभे होते.

"मुली आरोग्याचा विचार करतात, कौतुक वाटलं," मॅडम म्हणाल्या. "पण नुसता मैदा सोडून काय होणार? व्यायाम नको?"

"हवा ना मॅडम," कॅप्टन म्हणाली. "सकाळी मैदान मिळालं तर..."

"घ्या की. उद्यापासून सहा ते आठ."

मला राहवेना. "मॅडम, ती छपाईची चूक आहे. मैदान आम्हाला हक्क म्हणून हवंय."

कॅप्टननं माझ्या पायावर बूट ठेवला. खेळायचा, खिळ्यांचा.

"हक्क म्हणून?" मॅडमनी चष्मा काढला. "मग रीतसर अर्ज करा. समितीपुढे ठेवू. बैठक दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर सामने संपलेले असणार होते. बूट दाबला जात होता.

"आरोग्यासाठी चालेल," मी म्हणाले. आमच्या घरी रोज कारल्याचा रस पितात, पण इतकं कडू मी कधी गिळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मुलं स्टंप घेऊन आली.

"ए, आमचं काय?"

"अर्ज करा," कॅप्टन चेंडू न थांबवता म्हणाली. "समितीपुढे ठेवू."

खरं तर मैदान दोघांना पुरेल एवढं मोठं आहे, असं माझं तत्त्वतः मत होतं. ते मी सामने होईपर्यंत मांडलं नाही.