बुधवारचे डॉक्टर

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजने आमच्या पनवेलच्या सरकारी दवाखान्याला जोडून घेतलं आणि दर बुधवारी त्यांची जीप यायला लागली. जीपमधून बालरोगाचे एक प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी उतरायचे. मी तिथे नर्स होते. आता हे शहाणे आम्हाला शिकवणार, म्हणून माझं डोकं आधीच तापलेलं.

पण सर मनापासून शिकवायचे. खोकणाऱ्या मुलाचा सदरा वर करा, श्वास मोजा, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते का बघा आणि मगच औषध द्या. तोवर आम्ही खोकला म्हटलं की बाटलीत लाल औषध ओतून मोकळे व्हायचो. हळूहळू आमचे डॉक्टर, मी, सगळेच तयार झालो. न्यूमोनियाची पोरं वाचायला लागली. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

शिकलेलं आम्ही सोमवारीही करत होतो आणि शनिवारीही. लोकांना मात्र जीप दिसायची. बुधवारी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसायची आणि गुरुवारी आमचे डॉक्टर माशा मारत बसायचे. "तुम्हीही एकदा जीपमधून उतरा," असं आम्ही त्यांना चिडवायचो.

थंडीतल्या एका बुधवारी, जीप यायच्या आधीच, वीटभट्टीवरची एक आदिवासी बाई पायरीवर येऊन बसली होती. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली तान्ही मुलगी. मी पदर बाजूला केला. ओठ निळे पडले होते. तिला उचलून आत पळाले. आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मी ऑक्सिजन लावला. तेवढ्यात सरही आले. सगळं शिकवल्याप्रमाणे झालं, कुणाचा हात चुकला नाही. दुपारच्या आत पोर गेली.

सरांनी हळूच विचारलं, "धाप कधीपासून होती, बाई?"

"ऐतवारपासून."

"मग तेव्हाच का नाही आणलंत? इथे रोज डॉक्टर असतात."

"भट्टीवर समदी बोलली, मोठं डॉक्टर बुधवारी येतात. मुकादम एकच दिस सोडतो. तो मी बुधवारसाठी ठेवला."

सर पुढे वार न ठरवता यायला लागले, जीपही मागच्या गल्लीत उभी करायला लागले. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी त्यांनी पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

तिने पोर पुन्हा लुगड्यात गुंडाळली, नीट, थंडी लागू नये तशी. मला रडू आवरेना. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बाय, माजा वार तर चुकला नाय ना?"

"नाही गं," मी म्हणाले. "आज बुधवारच आहे."