पेंटर चाचा, गाय आणि काळा बंपर

लातूर जिल्हा सरकारनं केला असं लोक सांगतात. सांगोत बापडे. माझ्या डोळ्यांदेखत तो आमच्या पेंटर चाचांनी केला, एक डबा पांढरा रंग आणि अर्धा झिजलेला ब्रश घेऊन. नवा जिल्हा झाला तेव्हा दुकानं, शाळा, दवाखाने, सगळ्यांच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ पुसून ‘जि. लातूर’ करायचं होतं, आणि निम्म्या गावाच्या पाट्या चाचांच्याच हातच्या. पण उभ्या जन्माची सवय बोटांत मुरलेली. जुनं पुसायचे आणि ताज्या रंगात पुन्हा ‘उस्मानाबाद’च लिहायचे. मग शिडीवरून उतरायचे, चार पावलं मागं सरकायचे, चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि म्हणायचे, “हात्तिच्या! जिल्हा बदलला, हात न्हाई बदलला.” एका शाळेची पाटी त्यांनी तीनदा रंगवली. हेडमास्तर शेवटी शिडी धरून उभे राहिले आणि एकेक अक्षर मोठ्यानं सांगू लागले, तेव्हा कुठं ती शाळा लातूर जिल्ह्यात आली.

मी त्या वेळी अप्पांच्या तेलाच्या गिरणीवर ड्रायव्हर होतो. माहूरच्या गडाखालून आलेलो, सातवीत शाळा सोडलेला, गावात ओळखीचं कुणी नाही. गिरणीसमोरच चाचांची पत्र्याची टपरी, म्हणून जे विचारायचं ते त्यांना विचारायचं. आणि विचारलं की डोकं आणखी फिरायचं. कारण चाचांचं कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर असे: “हाव. पण न्हाई बी.” पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, “चाचा, पोस्ट ह्याच रस्त्याला हाय का?” म्हणाले, “हाव. पण न्हाई बी.” तासभर हिंडून परत आल्यावर कळलं की पोस्ट त्याच रस्त्याला होतं, पण नव्या कचेरीसाठी रस्ता मधेच खणून ठेवलेला. “मग तसं सांगायचं ना!” तर म्हणे, “सांगितलं की बेटा. दोन्ही सांगितलं.”

त्या साली पाऊस नव्हता, त्याच्या आदल्या सालीही नव्हता. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, तेही घागरभर. गाडी धुतो म्हणालो असतो तर गल्लीनं मलाच धुतलं असतं. अप्पांनी नवी पांढरी छोटी गाडी घेतली होती. आधीच्या गाड्यांना चकचकीत लोखंडी बंपर असायचे, हिला पुढं-मागं काळं प्लास्टिक. बिनपाण्यानं गाडी चमकावी म्हणून अप्पांनी हैदराबादहून मेणाच्या पॉलिशचा डबा आणला आणि मला सांगितलं, “उद्या दुपारी उदगीरचे पाव्हणे यायलेत, पोरीला बघायला. त्यांना स्टँडवरून आणायचं. गाडी आरशासारखी पाहिजे. डाग दिसला तर तू आपली माहूरची एसटी धर.” मी आईला सांगून निघालो होतो की आता घरी येईन तो गाडी चालवतच. एसटीतून उतरायचं तोंड नव्हतं. म्हणून जीव लावून पॉलिश केलं. पत्र्याला केलं, दारांना केलं आणि जोशात काळ्या बंपरालाही केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गाडी आरसा, आणि बंपर म्हणजे चुना सांडलेली भिंत. मेण वाळून पांढरे फराटे उठले होते. फडक्यानं पुसलं तर ते आणखी पसरले. मी रडायच्या बेतात चाचांना हाक मारली.

चाचांनी बंपरावर टिचकी मारली, वास घेतला, गाल लावून बघितला. “लोखंड न्हाई. रबर न्हाई. लाकूड बी न्हाई. मग हाय काय हे?”

“ते जाऊ द्या. निघंल का?”

“हाव. पण न्हाई बी.”

आधी त्यांनी काळा रंग काढला. मी हात जोडले. मग पाट्यांची अक्षरं आखताना वापरायचा खोडरबर आणला. आश्चर्य म्हणजे बोटभर जागा लख्ख काळी झाली. पण तेवढ्यात खोडरबर संपला. मग रॉकेल लावायचं ठरलं, आणि चिंधी बुडवल्यावर त्यांनीच ठरवलं की नको, पाव्हण्यांना वास येईल. मला काहीच कळेना. उन्हं वर येऊन राहिली होती. अखेर चाचा टपरीच्या दाराशी थबकले. “तेलाच्या गिरणीत राहून मेणाला घाबरतोस? मेण तेलात विरघळतं, बेटा!” त्यांनी गिरणीतली शेंगदाण्याची पेंड कुटली, तेलात कालवली आणि पुढच्या-मागच्या दोन्ही बंपरांना पिठल्यासारखी थापली. “आता मुरू दे. चहा होईस्तोवर.”

चहा पिऊन आलो तर गाडीपुढं एक गाय. चाऱ्याअभावी कुणीतरी सोडून दिलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. ती बंपर चाटत होती. मी ओरडलो. चाचांनी माझं मनगट धरलं. “थांब. बघ.” तिची खरखरीत जीभ जिथून फिरली तिथं बंपर कोळशासारखा काळा होता. आम्ही दोघांनी तिला हळूच वळवून मागच्या बंपराकडं नेलं.

तेवढ्यात अप्पा बाहेर आले. “हे काय चाललंय?”

चाचा म्हणाले, “गाडी धुवून राहिलोय, अप्पा. पाणी न्हाई ना.”

अप्पांनी बंपर बघितला. मग बराच वेळ गाय बघितली. “पेंड आपलीच?” मी मान हलवली. “मग हिला पाटीभर घाल आणखी. आणि तू स्टँडवर जा, एसटी यायची वेळ झाली.” मी गेलो, पण पाव्हणे आणायला.

चाचांना मात्र नवाच घोर लागला. गायीनं मेण खाल्लं, तिला काही झालं तर? सगळी दुपार ते तिच्या मागं हिंडले. इकडं माडीवर उदगीरचे पाव्हणे पोहे खात, मुलगी मान खाली घालून बसलेली, आणि खालून चाचांचा आनंदानं फुटलेला आवाज आला, “टाकलं! शेण टाकलं! बरी हाय!” मुलगी फिस्सकन हसली. पाव्हण्यांनी होकार दिला. कशामुळं, ते मला आजवर कळलेलं नाही.

काही वर्षांनी मी लांबच्या गावी ट्रकवर निघालो तेव्हा चाचांनी माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर नाव घालून दिलं. खाली सवयीनं ‘जि. उस्मानाबाद’ लिहिलं, “हात्तिच्या” म्हणून पुसलं आणि ‘जि. लातूर’ केलं.

“चाचा, मी नांदेड जिल्ह्याचा.”

त्यांनी चष्मा कपाळावर नेला, ट्रंक बघितली, मला बघितलं. “हाव,” म्हणाले, आणि पुढचं बोललेच नाहीत. ब्रश धुवायला वळले.

चाचा आता नाहीत. ट्रंक आहे, खाटेखाली. ‘लातूर’च्या मागून पुसट ‘उस्मानाबाद’ अजून दिसतं. इथं कुणी विचारतं, गाव नेमकं कुठलं तुमचं? मी ट्रंक ओढून दाखवतो. दुरुस्त करून घ्यावं असं कधी वाटलं नाही.